हलका टेंट घरच्या घरी सुधारताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सह्याद्रीत पाठीवर टेंट घेऊन फिरणाऱ्यांसाठी ही प्रश्नोत्तरं आहेत. शिवणकाम येत नसेल तरी निम्म्याहून जास्त गोष्टी जमतील.

विकत घेतलेला टेंट आहे तसा का वापरू नये?

चालत असेल तर खुशाल वापरा. पण बाजारातले बहुतेक हलके टेंट मऊ माती आणि हिरवळ गृहीत धरून बनवलेले असतात. आपल्याकडे पेग ठोकायला जावं तर खाली बेसॉल्टचा कातळ. हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यासारख्या जागी वारा समोरून न येता खालून उसळतो. महाबळेश्वर-आंबोलीच्या पट्ट्यात वर्षाला पाच-सहा हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस पडतो, आणि डिसेंबरात पाऊस नसतानाही सकाळी टेंट आतून ओला सापडतो. या अडचणी कारखान्यात बसून सुटत नाहीत. घरी थोडं डोकं आणि दोरी वापरली तर बऱ्याचशा सुटतात.

सुरुवात कुठून करायची?

स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यापासून. टेंटची एकेक वस्तू वेगळी तोला: आउटर (पाऊस अडवणारं बाहेरचं कापड), इनर (आतला झोपायचा भाग), पोल, पेग, दोऱ्या, पिशव्या. कागदावर लिहा. कापड कापून वजन कमी करायचं असं ठरवून बसलेल्या माणसाला इथेच कळतं की खरा भार पोल, पेग आणि जाड पिशवीत आहे.

त्यानंतरचा क्रम असा ठेवावा: आधी बदलायच्या वस्तू, मग दोऱ्या, मग चिकटकाम, मग शिलाई. कात्री सगळ्यात शेवटी, आणि बहुतेक टेंटांना तिची गरज पडतच नाही. टेंटच्या कापडाला पाडलेलं भोक बुजवता येतं, पण ते पूर्वीसारखं कधीच होत नाही.

वॉरंटी जाते का?

जाते असंच धरून चाला. नवाकोरा टेंट असेल तर आधी एक हंगाम आहे तसा वापरा. काय खटकतं ते तेव्हाच कळेल.

न कापता, न शिवता वजन किती कमी होईल?

स्वस्तातल्या टेंटबरोबर लोखंडी पेग येतात. त्यांच्या जागी ॲल्युमिनियमचे वाय आकाराचे पेग घ्या. एकेक साधारण १० ते १५ ग्रॅमचा असतो आणि मुरमाड जमिनीतही बरा टिकतो. टायटॅनियमच्या आकड्यासारख्या काड्या याहून हलक्या, पण भुसभुशीत मातीत त्या लगेच फिरतात. मी त्या दोन-तीनच ठेवेन, तेही कमी ताण येणाऱ्या कोपऱ्यांसाठी.

फायबरग्लासचे पोल असतील तर ते बदलून ॲल्युमिनियमचे घेणं हा सगळ्यात मोठा फायदा. फायबरग्लास मोडला की उभा चिरतो, त्याच्या कुसळा हातात जातात आणि फाटका टोकदार तुकडा आउटर फाडतो. ॲल्युमिनियम आधी वाकतो, म्हणजे निदान इशारा तरी देतो. नवा पोल घेताना जोडलेल्या जुन्या पोलची टोकापासून टोकापर्यंतची लांबी, जाडी आणि टोकाची पिन जिथे बसते ते आयलेटचं (निवारीत ठोकलेल्या धातूच्या कड्याचं) भोक, तिन्ही मापं घ्या. लांबी थोडी जरी चुकली तरी आउटर एकतर लोंबतो किंवा शिवणी ताणल्या जातात. कार्बनचे पोल वजनाला मोहात पाडतात, पण झोताच्या वाऱ्यात ते न वाकता मोडतात. कड्यावर मुक्काम करणाऱ्यांनी त्यांच्या नादी लागू नये.

पोलमधला रबरी दोर सैल पडला असेल तर तोही घरी बदलता येतो. तुकड्यांचा क्रम चिकटपट्टीवर आकडे लिहून आधी नोंदवा. नवा दोर पोलच्या पूर्ण लांबीपेक्षा आखूड ठेवायचा असतो, साधारण तीन चतुर्थांश, म्हणजे तुकडे एकमेकांत ओढले जातात. फार आखूड ठेवला तर घडी घालताना ताण येऊन तो लवकर मरतो.

कातळावर पेग जात नाहीत. त्यासाठी काय करता येईल?

खरं म्हणजे सह्याद्रीतल्या टेंटसाठी हा पहिला बदल असायला हवा. पेग अडकवायच्या प्रत्येक लूपला (टेंटला शिवलेल्या फासाला) साधारण मीटरभर, २ मिलिमीटर जाडीच्या दोरीचा फास कायमचा जोडून टाका. आखूड लूपला दगड बांधता येत नाही, लांब फासाला येतो.

नुसता दगड दोरीवर ठेवला तर वाऱ्यात दोरी दगडाखालून सुळकन निघते. त्यापेक्षा फासाच्या टोकाला मुठीएवढा दगड बांधा, किंवा त्यात पेग आडवा अडकवा. आता त्याच्या पुढे, म्हणजे टेंटच्या बाजूला, दोरीवर एक मोठा दगड ठेवा. टेंटने ओढलं की छोटा दगड मोठ्याला जाऊन अडतो, आणि ओढ जितकी जास्त तितका तो घट्ट बसतो. दोरी धारदार कडेवर घासत असेल तर मध्ये गवताची चुंबळ घाला.

दगड सुटे, पायवाटेच्या कडेचे घ्या. गडावर असाल तर तटबंदीचे, जोत्याचे, समाधीचे, वीरगळीचे दगड जागचे हलवायचे नाहीत. टेंट उडाला तरी चालेल.

ताणाच्या दोऱ्या किती आणि कुठे वाढवाव्यात?

घुमटाच्या आकाराच्या टेंटला बहुतेक वेळा चार कोपरे आणि दोन-चार दोऱ्या दिलेल्या असतात. उघड्या पठारावर एवढ्यावर भागत नाही. वाऱ्याच्या बाजूला पोलच्या साधारण निम्म्या उंचीवर एक-एक दोरी हवीच.

इथे एक बारकावा आहे. दोरी आउटरला बांधली आणि आउटर आतून पोलला बांधलेला नसेल, तर वारा कापड पोलपासून सोलून काढतो. चांगल्या टेंटांत आतल्या बाजूला वेल्क्रोची छोटी पट्टी असते आणि कित्येक जण ती वर्षानुवर्षं लावतच नाहीत. नसेल तर अर्धा इंची निवारीवर वेल्क्रो शिवून तशी पट्टी करा आणि ती शिवणीच्या दुमडीवरच टाचा, मोकळ्या कापडावर नको.

जिथे लूप नाही तिथे शिवायच्या आधी गोटीची युक्ती करून बघा. पोरांच्या खेळातली काचेची गोटी, किंवा ओढ्यातला गुळगुळीत गोल खडा, आउटरच्या आतून दाबून धरा. बाहेरून कापडासकट त्याच्या मानेभोवती दोरी आवळा. भोक नाही, टाका नाही, सकाळी सोडली की कापड जसंच्या तसं. दोन-तीन मुक्काम वेगवेगळ्या जागी गोटी बांधून पाहा. जिथे खरोखर उपयोग होतो तिथेच मग कायमचा लूप शिवा.

कायमचा लूप शिवायचा तर कसा?

त्याच प्रकारच्या कापडाची गोल ठिगळं कापा, ६ ते ८ सेंटिमीटर व्यासाची. चौकोनी नको, कोपरे आधी उकलतात. निवारीचा लूप आधी ठिगळावर पक्का करून घ्या: पुढे-मागे दाट टाके, चौकोन आणि त्यात फुली. मग ठिगळ आउटरवर शिवा किंवा चिकटवा. सिलिकॉनचा थर असलेल्या कापडावर (ते कसं ओळखायचं ते पुढे आहे) सिलिकॉननेच चिकटवायचं, दुसरं काही धरत नाही. चिकटवून त्यावर सपाट वजन ठेवा आणि पूर्ण एक दिवस हात लावू नका. शिवलं असेल तर टाक्यांवर सीलर (शिवणीची भोकं बुजवणारं द्रव्य) फिरवायला विसरू नका.

दोरीच्या टोकाशी बोटभर रबरी दोराचा फास घातला तर झोताचा झटका शिवणीवर न येता रबरावर जातो. नायलॉनचं कापड भिजलं की सैलावतं. तेव्हा ती ढीलही हा रबर थोडीफार खेचून घेतो.

माझं कापड सिलिकॉनचं की पीयूचं, हे कसं ओळखायचं?

आउटर उलटा करून शिवणी पाहा. कारखान्यात लावलेली पारदर्शक पट्टी दिसली तर त्या बाजूला पीयू, म्हणजे पॉलियुरेथेनचा थर आहे. पट्टी नाही, कापड हाताला घसरट लागतं आणि साधी चिकटपट्टीही त्यावर धरत नाही, तर सिलिकॉन. बरीच कापडं बाहेरून सिलिकॉन आणि आतून पीयू अशी दुहेरी असतात, म्हणून दोन्ही बाजू तपासा. हे कळल्याशिवाय कुठलाही सीलर विकत घेऊ नका, कारण पीयूचा सीलर सिलिकॉनवरून पापुद्र्यासारखा सुटतो.

आणि हा डेनियर म्हणजे काय? जास्त असला की कापड चांगलं?

९००० मीटर धाग्याचं ग्रॅममधलं वजन म्हणजे डेनियर. २० डेनियरचा धागा बारीक, ७० चा जाड. कापड पाणी किती रोखतं हे मात्र वरच्या थरावर ठरतं, डेनियरवर नाही. त्यासाठी मिलिमीटरमधला आकडा पाहायचा, म्हणजे किती उंचीच्या पाण्याच्या स्तंभाचा दाब कापड सोसतं तो.

शिवणीतून पाणी झिरपतं. घरी सीलिंग कसं करू?

पीयूच्या कापडाला ट्यूबमध्ये मिळणारा पॉलियुरेथेनचा सीम सीलर लावा. जुनी पट्टी सुटत असेल तर ती आधी पूर्ण काढा, स्पिरिटने पुसा, वाळू द्या. अर्धवट सुटलेल्या पट्टीवरून सीलर फासणं म्हणजे ओल्या भिंतीला रंग देणं.

सिलिकॉनच्या कापडासाठी हार्डवेअरच्या दुकानातलं खिडक्या आणि फिशटँकला लावायचं पारदर्शक सिलिकॉन चालतं. ट्यूबवर १०० टक्के सिलिकॉन लिहिलेलं असायला हवं; ॲक्रिलिक सीलंट उपयोगाचं नाही. ते रंगाच्या दुकानात मिळणाऱ्या मिनरल टर्पेंटाइनमध्ये पातळ करायचं. काचेच्या जुन्या बाटलीत सिलिकॉन पिळा, थोडं थोडं टर्पेंटाइन घाला आणि ढवळत राहा. आधी गोळे दिसतात आणि जमणार नाही असं वाटतं, मग एकदम मिळून येतं. ब्रशवरून ओघळावं पण थेंब थेंब गळू नये, इतपत पातळ झालं की थांबा. एका वेळी थोडंच करा, उरलेलं टिकत नाही.

टेंट अंगणात किंवा गच्चीवर उभा करून, ताणून, बाहेरच्या बाजूने लावा. ताणलेल्या शिवणीत टाक्यांची भोकं उघडतात आणि सिलिकॉन आत शिरतं. अर्धा इंची ब्रश पुरतो. शिवणीच्या दोन्ही बाजूंना बोटभर पसरेल इतकंच फिरवा, जास्तीचं लगेच फडक्याने पुसा, नाहीतर ओघळ कायमचे दिसतात. कोपरे, लूपची मुळं आणि चेनची टोकं इथे दुसरा हात द्या. दिवसभर वाळलं की वरून टाल्कम पावडर चोळा, म्हणजे घडीत कापड कापडाला चिकटत नाही. काम उघड्यावरच करा आणि जवळपास काडी पेटवू नका.

टेंट चिकट झालाय आणि उलटीसारखा वास येतोय. सीलर लावून सुधारेल का?

नाही. दमट हवेत पीयूचा थर हळूहळू विरघळल्यासारखा होतो. ओला टेंट घडी करून माळ्यावर टाकला की मुंबई-कोकणात हे हमखास. नुकती सुरुवात असेल तर साबणाच्या कोमट पाण्याने धुऊन, सावलीत वाळवून एखादा हंगाम निघेल. थर सुटायला लागला असेल तर आयसोप्रोपिल अल्कोहोलने तो घासून पूर्ण काढता येतो, पण मग कापड पाणी रोखत नाही. असा आउटर पिशव्या आणि ठिगळांसाठी कापायला उत्तम.

सकाळी आतून थेंब टपकतात. हे गळणं की दव?

बहुतेक वेळा दव. रात्रभर श्वासातून बाहेर पडणारी वाफ थंड आउटरला लागते आणि पाणी होते. आकाश निरभ्र असलं की आउटर भोवतालच्या हवेपेक्षाही गार पडतो, म्हणून हिवाळ्यात तळ्याकाठी, उघड्यावर सगळ्यात जास्त भिजतो. झाडाखाली, थोड्या उंचवट्यावर हाच टेंट बराच कोरडा राहतो. तेव्हा पहिला उपाय जागेचा, टेंटचा नाही.

दुसरा उपाय दोरीचा. आउटरची खालची कड जमिनीला टेकू देऊ नका. कोपऱ्याचे लूप वर सांगितल्याप्रमाणे लांब केलेले असतील तर कड सहज वीतभर उचलता येते. पाऊस आला की पुन्हा खाली खेचा. हवा खालून आत यायला आणि वरून बाहेर जायला वाट हवी, नुसतं एक भोक पुरत नाही.

वरच्या वाटेसाठी छताला कात्री लावायची हौस अनेकांना येते. त्याआधी दाराच्या चेनवर दुसरा रनर (चेन उघडबंद करणारा सरकता तुकडा) चढवा, दोन्ही रनर पाठीला पाठ लावून. मग चेन वरून चार बोटं उघडता येते आणि खाली बंद राहते. वर छज्जा असेल तर तो उघडा राहावा म्हणून जुन्या प्लास्टिकच्या फाईलची वीतभर पट्टी टेकूसारखी लावा, वेल्क्रोने.

चेन बंद होते आणि मागून उघडते. पूर्ण बदलावी लागेल?

सहसा नाही. रनर झिजलेला असतो, दात ठीक असतात. पकडीने रनरच्या मागच्या दोन्ही कडा हळूच दाबा, एका बाजूची मग दुसरीची, आणि प्रत्येक दाबानंतर चालवून बघा. जास्त दाबला तर तुटतो. नवा रनर घेताना जुन्याच्या पाठीवर कोरलेला आकडा पाहून घ्या. टेंटच्या दाराला बहुधा ३ किंवा ५ नंबर असतो. दातांत माती अडकू नये म्हणून ट्रेकहून आल्यावर जुन्या टूथब्रशने धुवा. ही एक सवय लावली तर पुढची दुरुस्ती बरीच लांबते.

घरच्या शिलाई मशीनवर हे कापड शिवता येतं का?

येतं. साधं सरळ टाक्याचं मशीन पुरतं, पायमशीन असेल तर उलट ताबा चांगला राहतो. सुई नवी आणि बारीक घ्या, ७० किंवा ८० नंबरची. धागा पॉलिएस्टरचा, सुती नको. तो भिजून कुजतो. टाका साधारण ३ मिलिमीटर ठेवा. फार दाट टाक्यांनी कापडाला छिद्रांची रांग पडते आणि ते तिथेच टर्रकन फाटतं.

खरी अडचण घसरण्याची. टाचण्या लावल्या तर प्रत्येक टाचणीचं भोक राहतं, म्हणून स्टेशनरीच्या दुकानातल्या काळ्या क्लिपा वापरा. कापडाखाली पातळ कागद ठेवून शिवा आणि नंतर फाडून काढा. आधी टेंटच्याच पिशवीवर हात बसवा. ती बिघडली तर काही अडत नाही. कापलेली कड उसवते, तिला सोल्डरिंग आयर्न किंवा मेणबत्तीची धग लावून बंद करा. खिडकी उघडी ठेवा, तो धूर चांगला नसतो.

कोपऱ्यावरचे शिंपी असलं कापड पाहून हात जोडतात. बॅगा किंवा छत्र्या दुरुस्त करणारा गाठा, त्याला निवार आणि नायलॉनची रोजची सवय असते.

सामान कुठे मिळतं?

निवार, आयलेट, बक्कल, रबरी दोर हे पुण्यात रविवार पेठ-बोहरी आळीच्या भागात, मुंबईत क्रॉफर्ड मार्केटच्या आसपास शोधा. छत्रीचं कापड पिशव्यांना छान. आउटरच्या ठिगळाला मात्र सिलिकॉनचं खरं कापड ऑनलाइनच मागवावं लागतं.

इनर घरी ठेवून नुसता आउटर वापरता येईल?

येईल, आणि कोरड्या दिवसांत वजन एकदम उतरतं. अडचण एवढीच की घुमटी टेंटचे पोल इनरच्या कोपऱ्यांत अडकतात. इनर काढला की पोलची टोकं फाकतात. म्हणून इनर लावून उभ्या टेंटमध्ये समोरासमोरच्या दोन टोकांमधलं अंतर मोजा. त्याच मापाच्या दोन निवारी घ्या, टोकांना आयलेट ठोका आणि मध्यावर फुलीत शिवून टाका. पोल या आयलेटमध्ये बसतात आणि कमान बरोबर येते. माप इंचभर आखूड झालं तर टेंट उंच आणि अरुंद होतो, म्हणून आयलेट ठोकण्याआधी गाठ मारून चाचणी घ्या.

पण विंचू, इंगळ्या, पावसाळ्यात जळवा. दगडाळ गडमाथ्यावर उन्हाळ्यात मी इनर सोडणार नाही. फार तर मच्छरदाणीच्या जाळीला जलरोधक तळ जोडून एकट्यापुरतं इनर शिवा, तळाच्या कडा १०-१५ सेंटिमीटर वर वळवून.

खाली अंथरायला काय? फ्लेक्स चालेल?

चालतो, पण जड असतो. जाडसर प्लास्टिक कागद हलका आणि स्वस्त, फाटला तर दुसरा. काहीही घ्या, टेंटच्या तळापेक्षा चारी बाजूंनी दोन-तीन बोटं लहान कापा. बाहेर डोकावणारी कड आउटरवरून ओघळणारं पाणी झेलते आणि थेट तुमच्या पाठीखाली आणून सोडते.

पोलऐवजी ट्रेकिंग स्टिक वापरता येते का?

घुमटाला नाही. त्रिकोणी, एका-दोन काठ्यांच्या टेंटला येते. उंची साधारण ११० ते १३५ सेंटिमीटर लागते. टोक कापडाला टोचू नये म्हणून मुठीची बाजू वर करा. असल्या टेंटांची आणि ताडपत्रीवजा छपरांची हौस पसरवण्यात अमेरिकेतल्या रे जार्डिनचा मोठा वाटा. सुळक्यांवर चढणारे आपल्याकडचे लोक चिरेत अडकवायला जी ‘फ्रेंड्स’ वापरतात, तीही त्यानेच १९७०च्या दशकात बनवली.

टेंटमध्ये चहा करण्यासाठी दाराशी जागा वाढवू का?

सावलीसाठी वाढवा, स्टोव्हसाठी नको. हे कापड क्षणात वितळतं, आणि बंद टेंटमध्ये साचलेल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

हाच सुधारलेला टेंट हिमालयात नेऊ?

हंगामातल्या, बर्फरेषेखालच्या ट्रेकला न्या. बर्फ साचेल अशा ठिकाणी हलक्या घुमटाला कितीही दोऱ्या बांधल्या तरी पोल त्या भारासाठी बनलेले नसतात. पेगऐवजी बर्फ भरलेल्या पिशव्या पुरायला वर सांगितलेले लांब फास मात्र तिथेही कामी येतात.

सगळं झाल्यावर तपासायचं कसं?

गच्चीवर टेंट उभा करा, आत वर्तमानपत्र पसरा आणि बागेच्या पाइपने अर्धा तास पाणी मारा, वरून आणि बाजूंनीही. कागदावर डाग पडेल तिथे, बरोबर वरची शिवण खडूने खूण करून ठेवा. मग वाळवा, पुन्हा सील करा, पुन्हा पाणी. वाळवताना कडक उन्हात दिवसभर सोडू नका, उन्हाने नायलॉन कमजोर होतं. पहिला मुक्काम अशा ठिकाणी करा जिथून रात्री उठून गावातल्या देवळात जाता येईल. सोबत दोन पेग जादा, दहा मीटर दोरी, पोल मोडलाच तर त्यावर चढवायची ॲल्युमिनियमची नळी आणि सुई-धागा ठेवा. नळी पोलवर सरकते ना, हे घरीच बघून घ्या.